पाळी सुटल्यानंतरचा खेळ : व्हिडिओ गेम आणि नोकरदाराचा वैताग

१

भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात नाट्याच्या उत्पत्तीची जी कथा आली आहे, तीत देवांनी ब्रह्मदेवाकडे मागितलेली वस्तू म्हणजे एक 'क्रीडनीयक' होय; डोळ्यांना पाहता यावे आणि कानांना ऐकता यावे असे खेळणे. पुढे त्याच अध्यायात या खेळण्याचे प्रयोजन सांगताना दुःखितांच्या व शोकाकुलांच्या जोडीला श्रमाने थकलेल्यांचाही निर्देश केला असून, अशांना विश्रांती देणे हे नाट्याचे एक कार्य मानले आहे. रसचर्चेच्या भरात हा श्रमार्त प्रेक्षक पुष्कळदा दृष्टीआड होतो. तो कोण, कोठून आला, दिवसभर त्याने काय केले आणि त्याला नेमकी कोणत्या स्वरूपाची विश्रांती हवी असते, हे प्रश्न समाजशास्त्राचे म्हणून बाजूला ठेवण्याची समीक्षेची सवय आहे.

आजच्या काळात 'दृश्य' आणि 'श्रव्य' ही दोन्ही लक्षणे पुरी करणारे आणि शब्दशः खेळणे असलेले माध्यम म्हणजे व्हिडिओ गेम. त्याचा विचार आपल्याकडे बहुधा मुलांच्या अभ्यासाची हानी या एकाच अंगाने केला जातो. परंतु हा खेळ खेळणारांत मिळवती, संसारी, चाळिशीकडे झुकलेली माणसेही आहेत. आणि त्यांची आवड हा वाङ्मयीन व कलाविषयक अभिरुचीच्या अभ्यासाचाच भाग होय. हा विचार हवेत राहू नये म्हणून तो एका निश्चित स्थळाशी बांधणे इष्ट ठरेल. सांगली व मिरज यांच्या लगतचे कुपवाड हे असे स्थळ आहे. १९९८ मध्ये सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. ज्या सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले आणि जी पुढे 'नाट्यपंढरी' म्हणून ओळखली गेली, तिच्या कुशीतच ओतशाळांची, यंत्रशाळांची आणि पाळ्यांच्या भोंग्यांची ही वसाहत वाढली. भरताचा श्रमार्त येथे शोधावा लागत नाही. त्याच्या हातातील खेळणे मात्र बदलले आहे.

२

नोकरदार प्रौढ मनुष्य व्हिडिओ गेम का खेळतो, याची दोन उत्तरे सर्वत्र तयार असतात. एक, तो वास्तवापासून पळ काढतो. दुसरे, तो वेळ वाया घालवतो. दुसरे उत्तर नैतिक निवाड्याचे आहे, त्यामुळे त्याने काहीच उलगडत नाही. पहिले उत्तर अधिक प्रतिष्ठित आहे. परंतु खेळांच्या प्रत्यक्ष आशयाकडे पाहिले असता तेही टिकत नाही. पलायनच करावयाचे तर मनुष्याने श्रमाच्या विरुद्ध टोकाला जावे. आढळते ते उलटेच. प्रौढांना प्रिय झालेल्या अनेक खेळांत वस्तू रचणे, माल पोचविणे, शेत नांगरणे, कागदपत्रे तपासणे, ठरलेल्या वेळेत ठरलेले काम पुरे करणे, हाच व्यवसाय असतो. दिवसभर यंत्रावर सुटे भाग कातणारा मनुष्य घरी येऊन पुन्हा तुकडेच जुळवीत बसतो, हे पलायन म्हणावयाचे तर मोठे विचित्र पलायन होय.

या विचित्रतेचा उलगडा व्हावयाचा तर दैनंदिन वैतागाचे स्वरूप आधी पाहिले पाहिजे. वैताग हा दुःखाहून आणि थकव्याहूनही निराळा आहे. कष्टाने अंग दुखते. पण केवळ कष्टाने मनुष्य वैतागत नाही. कुपवाडच्या एखाद्या कारखान्यातील लेथचालक उदाहरणादाखल घ्यावा. त्याने माप अचूक घेतले. तरी कच्चा माल उशिरा आल्यामुळे पाळीचे उत्पादन घटते आणि जाब त्याला विचारला जातो. तो वेळेवर निघाला. तरी रस्ता उखडलेला असल्यामुळे हजेरीला उशीर होतो. अर्ज बिनचूक भरला. तरी 'सर्व्हर बंद आहे' या एका वाक्याने अर्ध्या दिवसाची रजा फुकट जाते. तिन्ही ठिकाणी समान असलेली गोष्ट एकच : कर्म एकाचे, कारण दुसरीकडे आणि फळ तिसऱ्याच नियमाने. कर्म आणि फळ यांचा सांधा निखळल्याची ही वारंवार येणारी, प्रत्येक वेळी क्षुल्लक वाटणारी आणि म्हणूनच कोणापाशी सांगता न येणारी जाणीव, म्हणजे वैताग.

खेळातही अपयश येते. किंबहुना ते वास्तवाहून अधिक वेळा येते. डेन्मार्कचे अभ्यासक येस्पर यूल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हाच विरोधाभास चर्चेस घेतला आहे : मनुष्य अपयश टाळू पाहतो, आणि तरीही ज्यात अपयश ठरलेले आहे असे खेळ आपण होऊन खेळतो. वर सांगितलेल्या व्याख्येच्या प्रकाशात हा विरोधाभास बराचसा सौम्य होतो. खेळातील अपयश खेळणाराचे स्वतःचे असते. ते कोठे घडले, कोणत्या क्षणी बोट चुकले, हे त्याला कळते आणि पुढच्या डावात त्याला ते सुधारता येते. नोकरदार खेळाकडे वळतो तो श्रम टाळण्यासाठी नव्हे. श्रमाला सुसंगत फळ येते अशी जागा त्याला हवी असते.

३

हे विधान खेळांच्या रूपावर घासून पाहावयाचे तर 'टेट्रिस'पासून आरंभ करणे सोयीचे. मॉस्को येथील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये हा खेळ तयार केला. प्रत्येकी चार चौकोनांचे सात आकार वरून खाली पडतात. ते फिरवून, सरकवून सलग ओळ भरली की ती ओळ नाहीशी होते. पात्रे नाहीत, कथा नाही, चित्र म्हणावे असेही काही नाही. नव्वदच्या दशकात जत्रेतील दुकानांतून व बसस्थानकांवरील टपऱ्यांतून विकल्या गेलेल्या, मूठभर आकाराच्या 'ब्रिक गेम'च्या रूपाने तो महाराष्ट्रातील लहान गावांत पोचला, आणि आज मध्यमवयीन झालेल्या पिढीचा तो पहिला व्हिडिओ गेम ठरला असल्यास नवल नाही.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयींच्या आधारे सौंदर्याची उपपत्ती मांडली. 'टेट्रिस'ला ती आश्चर्यकारकरीत्या लागू पडते. खाली साचलेला ढीग आणि वरून येणारा आकार यांच्यात आधी विरोध असतो. योग्य फिरवणीने तो संवादात परिणत होतो. आणि ढिगाची उंची सर्वत्र सारखी राखणे हा डावभर चालणारा समतोल होय. परंतु मर्ढेकरांच्या उपपत्तीत लय ही रसिकासमोर सिद्ध स्वरूपात येते. येथे ती रसिकालाच घडवावी लागते, आणि तीही वाढत्या वेगाच्या दडपणाखाली. या ठिकाणी कलेचा अनुभव आणि कारागिराचा अनुभव एकमेकांत मिसळतात. सुटा भाग साच्यात नेमका बसल्याचे जे समाधान कसबी हाताला ठाऊक असते, तेच येथे शुद्ध स्वरूपात मिळते. त्यावर मालकाची मागणी, तपासनीसाचा शेरा आणि पगाराची चिठ्ठी यांचे सावट नसते.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. 'टेट्रिस' जिंकण्यासाठी रचलेला खेळ नाही. वेग वाढत जातो आणि शेवटी ढीग माथ्याला टेकतो. १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या घरगुती संचासाठी निघालेल्या आवृत्तीत एका तेरा वर्षांच्या अमेरिकन मुलाने डिसेंबर २०२३ मध्ये इतकी मजल मारली, की खेळाची संहिताच कोलमडून पडदा थिजला. मानवी हाताने त्या आवृत्तीचा असा शेवट गाठल्याची ही पहिली नोंद. बहुतेकांच्या वाट्याला पराभवच येतो. असे असूनही खेळणारा वैतागत नाही, कारण पराभव अटळ असला तरी तो अन्यायाचा नसतो.

नोकिया कंपनीच्या ६११० या फोनवर १९९७ मध्ये आलेला, तानेली अरमान्टो यांनी रचलेला 'स्नेक' हा याच जातीचा, पण आशयाने अधिक कडवट. साप खातो तितका लांबतो. आणि लांबतो तितका स्वतःच्याच अंगावर आदळून मरण्याचा धोका वाढतो. कमाईबरोबर वाढत जाणारी जबाबदारी आणि जबाबदारीबरोबर आक्रसत जाणारी मोकळी जागा, हा संसारी माणसाचा अनुभव इतक्या थोड्या रेषांत क्वचितच कोणी मांडला असेल. तसे मांडण्याचा रचनाकाराचा हेतू होता, असे म्हणण्याचे कारण नाही. रूपाने तो अर्थ आपल्या पोटी वागविला आहे, एवढे पुरे.

४

कर्म आणि फळ यांच्या संगतीचा विचार सर्वांत विस्ताराने होतो तो शेतीच्या खेळांत. एरिक बरोन या एकट्या रचनाकाराने सुमारे साडेचार वर्षे खपून २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला 'स्टारड्यू व्हॅली' हा त्यांपैकी अग्रगण्य होय. त्याचा आरंभच नोकरदाराच्या वैतागातून होतो : एका मोठ्या कंपनीच्या कचेरीत मेजाला जखडलेला नायक आजोबांचे जुने पत्र उघडतो आणि त्यांनी मागे ठेवलेल्या पडीक शेतीवर राहावयास जातो.

कुपवाडच्या संदर्भात या आरंभाला एक उपरोधिक धार येते. येथील औद्योगिक वसाहतीला मजूर पुरविणाऱ्या प्रदेशांत जत, कवठेमहांकाळ यांसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यांचा अंतर्भाव होतो. म्हणजे नायकाचा प्रवास कचेरीकडून शेताकडे, तर येथील अनेकांचा शेताकडून कारखान्याकडे. खेळातील शेतीचे नियम पाहिले म्हणजे या उलट्या दिशेचा अर्थ स्पष्ट होतो. पार्सनिप नावाचा कंद पाणी घातल्यास चार दिवसांत तयार होतो. तो तीन दिवसांतही होत नाही आणि पाच दिवसही लावीत नाही. पाऊस न पडल्यास झारी हाती घ्यावी. विहीर आटत नाही. आणि सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी, की आवक वाढली म्हणून मालाचा भाव पडत नाही. ज्या जिल्ह्यात हळदीच्या आणि बेदाण्याच्या सौद्यांवर घरांचे वर्ष ठरते, तेथील वाचकाला हा नियम परीकथेतील राक्षसाहून अधिक अद्भुत वाटला पाहिजे. या खेळातील खरी अद्भुतरम्यता गुहेतल्या प्राण्यांत नाही. ती स्थिर भावात आहे.

असे असूनही हा खेळ केवळ गोडगोड नाही. नायकाची शक्ती मर्यादित आहे. पहाटे दोन वाजले की तो जागच्या जागी कोसळतो. हिवाळ्यात उघड्या रानात बहुतेक पिके येत नाहीत. बुजगावणे न लावल्यास कावळे पीक खातात. मर्यादा आहेत, परंतु त्या आधी सांगितलेल्या आहेत. याच्या शेजारी २००९ मध्ये झिंगा या कंपनीने आणलेला आणि २०२० च्या अखेरीस बंद झालेला 'फार्मव्हिल' ठेवावा. तेथेही नांगरणी-पेरणी होतीच. पण पीक तयार झाल्यावर ठरावीक मुदतीत येऊन काढले नाही तर ते वाळून जाई. 'स्टारड्यू'मधील दिवस खेळणाराच्या सुमारे चौदा मिनिटांत संपतो आणि खेळ बंद ठेवला असता तेथील काळ थांबून राहतो. 'फार्मव्हिल'चे घड्याळ मात्र खेळणाराच्या खऱ्या दिवसावर चाले आणि त्याला पुन्हा पुन्हा हजेरी लावावयास भाग पाडी. विषय एकच असून एका खेळाने श्रमिकाला वेळ परत दिला आणि दुसऱ्याने दुसरा मुकादम दिला.

काळ थांबविता येणे ही वरवर तांत्रिक वाटणारी सोय प्रौढाच्या खेळात रूपाचा एक घटक बनते. २०१८ मध्ये भारतात आलेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातला गेलेला 'पबजी मोबाइल' अथवा त्याच्या जागी २०२१ मध्ये आलेला 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' यांत एकेक सामना जवळजवळ अर्धा तास चालतो आणि तो मध्येच थांबविता येत नाही. मूल रडले, दूध उतू गेले, पाहुणा आला, की सामना गेला. आणि सहकाऱ्यांचे बोलणे वर. अशा खेळाची थोरवी काहीही असो, संसारी माणसाच्या आयुष्याशी त्याचे रूपच जुळत नाही.

५

कामाचेच अनुकरण करणारे खेळ हा आणखी विचारार्ह वर्ग. प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअरने २०१२ मध्ये काढलेल्या 'यूरो ट्रक सिम्युलेटर २' या खेळात खेळणारा मालमोटार चालवितो, कर्ज काढून स्वतःची गाडी घेतो, तांबडा दिवा मोडल्यास दंड भरतो आणि झोप आली की गाडी उभी करून विश्रांती घेतो. रोजे काय्वा यांनी १९५८ मध्ये खेळांची स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवंड अशी चतुर्विध विभागणी केली होती. त्यांपैकी 'सोंग' या प्रकारात हा खेळ घालावा लागेल. पण सोंग राजाचे नसून ड्रायव्हरचे आहे.

येथे न. चिं. केळकरांनी मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना उपयोगी पडते. स्वतःचे भान न सोडता परकी भूमिका अनुभवणे, हे तिचे सार. तिचा विचार करताना परकी भूमिका आपल्याहून दूरची, उत्कट अशी कल्पिण्याकडे कल असतो. 'यूरो ट्रक' असे दाखवितो, की भूमिका जवळची असली तरी समाधी लागू शकते. अट एवढीच, की तीतून जबरदस्ती वजा झाली पाहिजे. तोच रस्ता, तेच ओझे. पण गाडी हवी तेव्हा निघते.

जबरदस्ती वजा न करता तिलाच विषय करणारा खेळ म्हणजे लुकास पोप यांचा 'पेपर्स, प्लीज' (२०१३). आर्स्टोट्झका नावाच्या कल्पित राष्ट्राच्या सीमेवर खेळणारा कारकून बसलेला असतो. रांगेतील माणसांची पारपत्रे, शिक्के, मुदती, छायाचित्रे तपासून त्याने प्रवेश द्यावयाचा वा नाकारावयाचा. पगार निकालात काढलेल्या माणसागणिक. चुका वाढल्या की दंड. आणि रात्री त्या तुटपुंज्या रकमेतून कुटुंबाचे अन्न, ऊब आणि औषध भागवावयाचे. रोज सकाळी नियमांत भर पडते. खिडकीच्या बाहेर उभे राहून वैतागलेल्या मनुष्याला हा खेळ खिडकीच्या आत बसवितो. तेथे त्याला कळते, की आपल्याला दुष्ट वाटलेला कारकून पुष्कळदा आपल्यासारखाच घड्याळाशी झगडत असतो. आणि त्याचबरोबर हेही कळते, की दयेला त्या मेजावर किंमत मोजावी लागते. सहानुभूतीचे हे शिक्षण शब्दांनी झालेले नाही, नियमांनी झाले आहे. कादंबरीने जे वर्णनाने साधावे ते येथे खेळणाराच्या हातून घडलेल्या कृत्याने साधले आहे. या माध्यमाला वाङ्मयाच्या पंगतीला बसविण्याइतका पुरावा याहून दुसरा लागू नये.

६

आतापर्यंतच्या विवेचनावरून व्हिडिओ गेम म्हणजे वैतागावरील औषध, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती तशी नाही. फुकट मिळणाऱ्या फोनवरील खेळांचा जो वर्ग आज घरोघर पोचला आहे, त्याची रचना औषधाच्या उलट आहे. किंग या कंपनीचा 'कॅन्डी क्रश सागा' (२०१२) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. खेळणाराला पाच 'प्राण' मिळतात. ते संपले की एकेक प्राण परत येण्यास अर्धा अर्धा तास लागतो. थांबावयाचे नसेल तर पैसे मोजावे अथवा मित्रांकडे याचना करावी. म्हणजे रांग, प्रतीक्षा, ओळखीने काम होणे आणि पैसे देऊन लवकर होणे, या दैनंदिन वैतागाच्या चारही पायऱ्या खेळाच्या आत आणून बसविल्या आहेत. शिवाय मिठाया कोणत्या पडाव्यात हे खेळणाराच्या हाती नसल्यामुळे, हरलेला डाव आपल्या चुकीने हरला की दैवाने, हे त्याला नीट उमगत नाही. कर्मफळाचा जो सांधा 'टेट्रिस'ने जुळविला, तो येथे हेतुपुरस्सर पुन्हा निखळविला आहे, आणि त्या फटीत दुकान थाटले आहे.

दैवाला खेळात स्थान नसावे, असा याचा अर्थ नाही. मोक्षपटाची परंपरा महाराष्ट्राला जुनी आहे. लोकपरंपरा तिचे कर्तृत्व ज्ञानदेवांना देते, जरी त्यास निर्णायक पुरावा नाही. त्या पटावर दान सर्वस्वी दैवाधीन असे. पण शिडी कोणत्या गुणाने चढते आणि साप कोणत्या दोषाने गिळतो, हे घराघरावर लिहिलेले असे. दैव होते, तरी अर्थ लपविलेला नव्हता. आणि मुख्य म्हणजे सापाच्या तोंडातून सुटण्यासाठी कवड्यांखेरीज दुसरे काही मोजावे लागत नसे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. त्यामागील सामाजिक हानीची चिंता रास्त आहे. परंतु प्रतीक्षेची विक्री हा जुगार नव्हे. ती कायद्याच्या नजरेत सरळ खरेदी आहे. तिचा निवाडा समीक्षेलाच करावा लागेल.

७

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. थिओडोर अडोर्नो आणि माक्स होर्कहायमर यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात करमणूक ही श्रमाचीच लांबण आहे, असे प्रतिपादन केले. त्यांच्या बाजूने असे म्हणता येईल, की न्याय्य फळ देणारा खेळ हाच अधिक फसवा. कारण तो श्रमिकाला प्रयत्नांती यश असतेच असे शिकवितो, आणि कारखान्यातील अपयशाचा दोष त्याने स्वतःकडेच घ्यावा अशी त्याची मनोभूमिका तयार करतो. हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. 'स्टारड्यू'तील स्थिर भावाने भारावलेला मनुष्य बाजारातील पडलेल्या भावाला आपलाच आळस समजू लागला, तर खेळाने त्याचे अहितच केले.

तथापि येथे खेळणाराच्या बुद्धीला कमी लेखले जाण्याचा धोका आहे. पटावरील नियम आणि जगाचे नियम यांतील भेद खेळणाराला प्रत्येक क्षणी ठाऊक असतो. किंबहुना तो भेद ठाऊक असणे हीच खेळ म्हणून खेळण्याची पूर्वअट आहे. सरळ नियम कसा असतो हे ज्याने अनुभवले, त्याला वाकडा नियम अधिक लवकर ओळखू येतो. वैतागाचे लक्षण म्हणून वर सांगितले, की तो कोणापाशी सांगता येत नाही. कारण त्याचा दोषी सापडत नाही. चांगला खेळ दोषी शोधून देत नाही, पण चूक आपली होती की नियमाची, हा प्रश्न विचारण्याची सवय लावतो. पाळी सुटल्यानंतरच्या अर्ध्या तासात एवढे साधत असेल, तर ती केवळ विश्रांती नव्हे.

यावरून नोकरदार प्रौढाच्या खेळांचे मूल्यमापन करताना तीन कसोट्या उपयोगी पडाव्यात. खेळातील अपयशाचे कारण खेळणाराला कळते काय? खेळणाराचा खरा वेळ खेळ मान्य करतो, की त्यावर हक्क सांगतो? आणि खेळाने उत्पन्न केलेली अस्वस्थता खेळातच फिटते, की ती विकली जाते? या कसोट्यांवर साधा 'टेट्रिस' उतरतो आणि देखणा 'कॅन्डी क्रश' पडतो. 'पेपर्स, प्लीज' तर त्यांच्याही पुढे जाऊन वैतागाचेच आकलन घडवितो.

मराठी मुलखात खेळ रचणारे आता आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ जगापुढे आणला. त्यात सर्कशीत वाढलेली एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधीत पुराणकथांच्या जगातून जाते. पुराणाकडून आरंभ करण्याची ही वाट मराठी रंगभूमीनेही सांगलीत चोखाळली होती, आणि तीच रंगभूमी पुढे संसारी माणसाच्या दिवाणखान्यापर्यंत आणि चाळीपर्यंत आली. कुपवाडच्या यंत्रशाळेतील पाळी, उशिरा येणारा माल आणि परत आलेला अर्ज यांच्यापासून नियम घेऊन एखादा मराठी खेळ अद्याप रचला जावयाचा आहे. तो रचला गेला तर त्याचे परीक्षण करण्याची परिभाषा तयार असावी, ही जबाबदारी विद्यापीठीय समीक्षेची आहे.